कोरा चेहरा आणि भानू अथैया

नववीच्या तासाला एका मुलीची वही माझ्या हाती लागली. मागच्या पानांवर उर्दूचे शब्दार्थ असायला हवे होते, तिथे शरारे, कुर्ते आणि ओढण्या होत्या. ते घातलेल्या बायका उभ्या होत्या, पण एकीलाही चेहरा नव्हता. विचारलं तर म्हणाली, "टीचर, अब्बांना घरात तसबिरी आवडत नाहीत. म्हणून चेहरा कोराच ठेवते." मी वही मिटली आणि शिक्षकी सवयीने म्हणाले, "आधी अभ्यास कर."

घरी आल्यावर ते वाक्य मलाच टोचत राहिलं. कारण कपडे रेखाटण्यापासून सुरुवात केलेली आपल्याच मातीतली एक बाई मला ठाऊक होती.

भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९, गाव कोल्हापूर. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानू नऊ वर्षांची असताना ते गेले. पुढे ती मुंबईला आली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, सुवर्णपदक मिळवलं. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. हुसेन, रझा, सूझा ही नावं ज्या गटाशी जोडलेली, त्या गटाबरोबर चित्रं मांडणारी ती एकटी स्त्री.

पण आधुनिक चित्रांना त्या काळी गिऱ्हाईक मोजकंच होतं. भानूने 'फॅशन अँड ब्युटी' आणि नंतर 'ईव्हज वीकली' या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं काढायला घेतली. आज आपल्याला हे काम किरकोळ वाटेल. तेव्हा मात्र छायाचित्र नीट छापणं खर्चाचं होतं आणि रेषेचं चित्र साध्या कागदावरही स्वच्छ उमटायचं. वाचणारी बाई ते पान घेऊन शिंप्याकडे जाऊ शकत होती. म्हणून चित्र नुसतं देखणं असून भागत नाही. गळा किती खोल, चुणी कुठून सुटते, बाहीची शिवण खांद्यावर कुठे बसते, हे रेषेतून कळावं लागतं.

हे मनाने काढून जमत नाही. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. मग पदराची पडही बदलते. समोर जिवंत माणूस असेल तरच हे दिसतं, आणि तो हलायच्या आत कागदावर उतरवावं लागतं. कला महाविद्यालयातला लाइफ क्लास असतो तो यासाठी. अशा चित्रांत चेहरा पुष्कळदा दोन रेषांत आटोपतात, कधी काढतही नाहीत. उभं राहण्याची ढब आणि कापडाची पडच सगळं बोलते.

पुढे संपादिकेने कपड्यांचं दुकान उघडलं आणि भानूला म्हटलं, आता कपडेच बनवून बघ. तिथे सिनेतारका येऊ लागल्या. १९५६ चा 'सी.आय.डी.', मग गुरुदत्तचे चित्रपट. 'आम्रपाली'साठी तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. 'गांधी'मध्ये तर एकाच माणसाचा पोशाख आयुष्यभर बदलत जातो: आफ्रिकेतला बॅरिस्टरचा सूट, १९१५ साली परतताना काठेवाडी वेश, १९२१ नंतर पंचा. अंगावरचं कापड कमी होत जातं तसा माणूस मोठा होताना दिसतो. त्या कामासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह तिला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय. तोवर ती भानू अथैया झाली होती. २०२० साली ती गेली.

तिने चित्रकला सोडली, असं हळहळून म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. कॅनव्हास सुटला असेल, माणसाकडे बघण्याची नजर सुटली नाही. त्या नजरेने तिला पोटालाही दिलं आणि नावही दिलं. आपल्या मुलींचा हुनर आपण 'छंद' म्हणून बाजूला सारतो, तेव्हा नेमकं हेच विसरतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून ही सगळी गोष्ट सांगितली. चेहरा काढ किंवा काढू नको, असं काहीच म्हणाले नाही. तो तिचा आणि तिच्या घरचा प्रश्न. एवढंच म्हटलं, "मनाने काढू नकोस. अम्मी शिवणयंत्रावर बसल्या की समोर बस आणि काढ."

पहिलं चित्र तिने मोबाइलमधल्या फोटोवरून केलं. ओढणी पुठ्ठ्यासारखी ताठ होती. मी वही परत दिली. आठवड्याने दुसरं आलं. खाडाखोड भरपूर, बोटांचे डाग, चेहरा कोराच. पण मान पुढे झुकलेली, एक खांदा यंत्राच्या बाजूला कलंडलेला आणि ओढणी त्या खांद्यावरून घसरत आलेली.

"अब्बांना दाखवलंस?" मी विचारलं.

"हो. लगेच म्हणाले, ही तुझी अम्मी."