शेंगेतली पुढची पिढी

१८५६ चा उन्हाळा. ब्रनोच्या सेंट थॉमस मठात, भिंतीलगतच्या वाफ्यापाशी तुम्ही उभे आहात. जेमतेम ३५ मीटर लांब, ७ मीटर रुंद जागा. काठ्यांच्या आधाराने वाटाण्याचे वेल वर चढलेत. ग्रेगोर मेंडेल वाकतात आणि अजून न उमललेली एक कळी हळूच उघडतात.

कळीच का? खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी होते, पुंकेसर आणि कुक्षी तिच्यात बंद असतात. फूल उमलायच्या आतच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. मेंडेलना त्याआधी पोचायला हवं. चिमट्याने ते एकेक पुंकेसर खुडतात आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणाचे पराग गोल दाण्यांच्या वाणाला लावतात. कुठे याच्या उलट. १५ झाडांवर अशी ६० फुलं.

हंगाम सरतो. शेंगा धरतात. हिरवी शेंग सोलायचा मोह आवरा. त्यात सगळेच दाणे टपोरे दिसतील. सुरकुती उमटते ती दाणा वाळताना. वाळलेली शेंग फोडा. शेंग आणि दाण्याची पातळ साल आईची, आतली डाळ मात्र पुढच्या पिढीची. मूल कसं निघालं ते आईच्याच शेंगेत कळतं, त्यासाठी झाड वाढवावं लागत नाही. वाटाण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

सगळे दाणे गोल. सुरकुती कुठेच नाही, पराग कोणत्याही बाजूने आलेले असोत.

हेच दाणे पेरून पुढच्या उन्हाळ्यात २५३ झाडं येतात. यंदा चिमटा नाही, फुलं आपापली फळतात. वाळलेल्या शेंगा फोडायला मेंडेलच्या शेजारी बसा. गोल, गोल, आणि त्याच शेंगेत गोल भावंडांना खेटून एक सुरकुतलेला! आजोबांची खूण नातवंडात परतली. एकूण ७,३२४ दाणे. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळपास तिनास एक.

सुरकुती का पडते ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण १९९० मध्ये तो जनुक सापडला. त्यात डीएनएचा एक जादा तुकडा घुसल्याने स्टार्च नीट बनत नाही, साखर उरते, दाणा जास्त पाणी ओढतो आणि वाळताना आक्रसतो. मेंडेलपाशी यातलं काही नाही. त्यांच्यापाशी मोजदाद आहे, आणि पुन्हा पेरण्याची चिकाटी.

कारण गोल दाणा नुसता बघून आत काय दडलंय ते सांगता येत नाही. म्हणून गोल दाण्यांतून ५६५ झाडं वाढवायची. वर्षभराने त्यांच्या शेंगा वाळतात: १९३ झाडांना फक्त गोल दाणे, ३७२ झाडांना दोन्ही. म्हणजे गोल दाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दाणे सुरकुती पोटात घेऊनच जमिनीत गेले होते.