आमची कोठेही शाखा नाही

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. "दादा, तुम्ही पेपरात लिहिता, एक चांगलं नाव सुचवा ना." मला वाटलं बारसं आहे. तर नाही. ताई आणि त्यांच्या जाऊबाई मिळून गोडा मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करतात. इतकी वर्षं गल्लीत आणि भिशीत विकलं. आता पुण्यात शिकणाऱ्या मुलाने डोक्यात भरवलंय की स्वतःचं ऑनलाइन दुकान काढायचं. वेबसाइट, इन्स्टाग्राम, क्यूआर कोड सगळं ठरलंय. अडलंय ते नावावर. त्यांनी तीन नावं काढली होती: 'घरगुती मसाले', 'शुद्ध स्वाद' आणि आमच्या गावाच्या नावापुढे 'स्पेशल'.

मी म्हटलं, ताई, तिन्ही नावं चालणार नाहीत. का, ते फोनवर सांगता येईना. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

आपल्याकडच्या जुन्या पाट्या आठवा. आडनाव, आडनावापुढे 'बंधू' किंवा 'आणि मंडळी', नाहीतर कुलदैवताचं नाव. एवढ्यावर भागायचं. कारण गिऱ्हाईक पायी यायचं आणि दुकानदाराला तोंडाने ओळखायचं. पाटी फक्त दार दाखवायला. घोळ सुरू व्हायचा तो माल नावाजल्यावर. मग शेजारच्या गल्लीत त्याच आडनावाचा चुलतभाऊ दुकान टाकायचा. आडनाव त्याचंही तेच, त्याला कोण अडवणार? आजचा कायदासुद्धा माणसाला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला अडवत नाही. मग पाटीवर 'जुने', 'मूळ', 'अस्सल' असे शब्द चढत गेले, आणि शेवटी ते अजरामर वाक्य आलं: आमची कोठेही शाखा नाही.

या वाक्यावर आपण खूप विनोद केले. पण ते नीट वाचलं तर ती एका घाबरलेल्या माणसाची तक्रार आहे. माझं नाव दुसरा कोणी वापरतोय आणि माझ्या हातात पाटी रंगवण्यापलीकडे काही नाही, असं तो सांगतोय. आपल्या देशात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदाच मुळी १९४० सालचा. त्याआधी पाटी, पेपरातली जाहीर सूचना, नाहीतर कोर्टाची पायरी.

बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं, त्या काळात नावापेक्षा चित्र मोठं होतं. म्हणून 'छाप' हा शब्द रुळला. आगपेटी, फटाके, विडी, सगळं कुठल्या ना कुठल्या छापाचं. १९३१ साली गिरगावात दांडेकर बंधूंनी शाई करायला घेतली ती घोडा छाप म्हणून. पुढे उंट आला. 'कॅमल' आणि 'इंक' जोडून 'कॅमलिन' झालं. उंटाचा आणि शाईचा काय संबंध? काहीच नाही. आणि म्हणूनच ते नाव टिकलं. 'उत्तम शाई' असं नाव ठेवलं असतं तर उद्या दुसरा कोणीही 'उत्तम शाई' लिहू शकला असता. उंट मात्र एकाचाच झाला.

याच्या उलट गोष्ट पार्ल्याची. १९२९ साली विलेपार्ल्यात कारखाना निघाला, म्हणून नाव पार्ले. तिथवर ठीक. पण बिस्किटाचं नाव ठेवलं 'ग्लुको', म्हणजे ग्लुकोजचं बिस्कीट. बिस्कीट चाललं. मग दुसऱ्यांनीही ग्लुको आणि ग्लुकोज नावाची बिस्किटं आणली. गिऱ्हाईक दुकानात जाऊन "ग्लुकोज द्या" म्हणायचं आणि दुकानदार हाताला येईल तो पुडा द्यायचा. नाव मालाचं वर्णन करत होतं, त्यामुळे ते सगळ्यांचं झालं. अखेर १९८० च्या दशकात नाव बदलून 'पार्ले-जी' करावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरायला इतकी वर्षं लागली, ते आमच्या ताईंना 'घरगुती मसाले' नावाने पहिल्याच वर्षी भोगावं लागेल. घरगुती मसाला कोण म्हणत नाही? कायदाही हेच म्हणतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. 'शुद्ध' आणि 'स्वाद' ही सगळ्यांची भाषा आहे, ती एकाला कशी द्यायची?

आता तिसरं नाव. गावाचं. गावाचा अभिमान मलाही आहे, पण गावाचं नाव ही सामायिक विहीर आहे. कोल्हापुरी चप्पल घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते फक्त कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते नाव सांभाळतात. कारण चप्पल शिवणाऱ्यांनी राज्याची सीमा बघून टाके घातले नव्हते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं कंपनीने मान्य केलं. सांगायचा मुद्दा, गावाचं नाव सगळ्यांनी मिळून राखायचं असतं. त्यावर एकट्याचं दुकान उभं राहत नाही.

मग नाव कसं मोठं होतं? इथे लोक फसतात. त्यांना वाटतं नाव भारी सुचलं की धंदा चालतो. इतिहास वेगळंच सांगतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं. 'लिज्जत' हे नाव १९६२ साली आलं, तेही आपसात स्पर्धा घेऊन आणि पाच रुपयांचं बक्षीस लावून. म्हणजे तीन वर्षं पापड आधी लोकांच्या ताटात गेला, नाव मागून आलं. चवीवरचा भरवसा आधीच जमला होता, नावाने तो बांधून ठेवला.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळला दंतमंजन सुरू केलं. वडिलांच्या विष्णू या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं आणि इंग्रजी आद्याक्षरांचं 'विको' झालं. हा शब्द आधी कुणाला माहीत होता? कुणालाच नाही. घरातली माणसं दारोदार फिरून मंजन विकत होती, तेव्हा त्या दोन अक्षरांत अर्थ भरला गेला. नाव म्हणजे रिकामी बरणी. आत काय भरताय त्यावर तिची किंमत.

आणि मार्केटिंग म्हणाल तर आपल्या मराठी मुलखातला सगळ्यात मोठा धडा किर्लोस्करांचा. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० साली कारखाना माळरानावर आला आणि पुढे आडनावाचं गाव झालं, रेल्वे स्टेशन झालं. पण खरी कमाल १९२० ची. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघालं. शं. वा. किर्लोस्करांनी त्यात नुसती मालाची जाहिरात भरली नाही, वाचायला काहीतरी दिलं. बघता बघता त्याचं महाराष्ट्रातलं मोठं मासिक झालं. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहात 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. आज मुलं 'कंटेंट' कंटेंट म्हणून जे करतात, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी माळावर बसून झालेलं आहे. मेतकुटाची वेबसाइट काढताय ना? मग मेतकूट कसं भाजतात, आजारी माणसाला मऊ भातावर का देतात, तेही लिहा. लोक वाचायला येतील आणि विकत घेऊन जातील.

आता ऑनलाइनकडे. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ बेझोस यांनी कंपनी काढली तेव्हा तिचं नाव 'कडॅब्रा' होतं, जादूच्या मंत्रातलं. फोनवर वकिलाला ते 'कडॅव्हर' ऐकू आलं, म्हणजे मढं. नाव बदललं आणि 'अ‍ॅमेझॉन' झालं. फोनवर एकदा सांगून समोरच्याला कळलं नाही तर ते नाव दुकानाचं नाही, एवढा साधा नियम.

आपल्याकडे यात आणखी एक खोच आहे. पाटी देवनागरीत वाचली जाते, पण वेबसाइटचं नाव लोक रोमन अक्षरांत टाइप करतात. 'आजीची गोळी' लिहून बघा. 'ळ' ला 'एल' लावायचा? 'आ' ला एक 'ए' की दोन? दहा माणसं दहा प्रकारे लिहितील, आणि त्यातला एक प्रकार दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलेला असेल. हे काल्पनिक नाही. १९९९ साली रेडिफच्या नावातलं एकच अक्षर बदलून कुणी 'रॅडिफ' नावाने संकेतस्थळ घेतलं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि रेडिफच्या बाजूने लागलं. २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' पत्ता घेता येतो. तुमच्यापैकी किती जणांनी एकदा तरी तो टाइप केलाय, मनाशीच उत्तर द्या.

आणि इथेच मला खरं बोलायचंय. मराठी पाट्यांसाठी आपण रस्त्यावर किती भांडलो! २०२२ मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलं झालं. पण त्याच काळात बाजार रस्त्यावरून मोबाइलमध्ये गेला, आणि तिथे आपल्या माणसाची पाटीच नाही. मध्यंतरी एकाकडे झकास लसणाची चटणी खाल्ली. कुठली म्हणून विचारलं तर त्याने अ‍ॅपचं नाव सांगितलं. केली कोणी? पाकीट कचऱ्यात गेलेलं, कुणाला आठवेना. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता दाखवावा लागतो. तो दाखवतातही. पण बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव लक्षात कोण ठेवतं? चटणी कुटणारीचा हात दुखतो आणि नाव होतं अ‍ॅपचं. पूर्वी चुलतभाऊ नाव पळवायचा, आता पेठच नाव गिळते.

म्हणून छोट्या दुकानदाराने अ‍ॅपवर विकावं, जरूर विकावं, पण पाकिटावर, चिठ्ठीवर, स्वतःच्या साइटवर नाव ठळक ठेवावं. आणि ते आधी नोंदवावं. आमच्या गावातल्या एका मित्राने फरसाणाचे हजारो पाऊच आधी छापून घेतले आणि नाव नंतर तपासलं. तिसऱ्या महिन्यात एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. पाऊच रद्दीत, बायकोची बांगडी गहाण. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधायला एक पैसा लागत नाही. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, मसाले वर्ग ३० मध्ये येतात, आणि नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण. पाऊच छापण्याआधीचे हे साडेचार हजार महाग नाहीत.

ताईंना हे सगळं सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना माहेरी एका वेगळ्याच नावाने हाक मारायचे. मसाल्याचं प्रमाण त्यांचंच आहे." ते नाव मी ऐकलं. तीन अक्षरं, 'ळ' नाही, फोनवर एकदा सांगून कळतं, रोमनमध्ये एकाच प्रकारे लिहिता येतं. शोधून पाहिलं, कुणाचं नाही. सासूबाईंनी आयुष्यभर मसाला कुटला, त्यांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लागलं नव्हतं.

नाव इथे सांगत नाही. अर्ज परवाच भरलाय, मंजूर होऊ दे. मग पाटीचा फोटोच टाकतो.

(शेअर करायला हरकत नाही, फक्त नावासकट करा. माझ्याच पोस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर 'साभार' म्हणून निनावी परत येतात, तेव्हा त्या 'आमची कोठेही शाखा नाही'वाल्या दुकानदाराचं दुःख मला नीट कळतं.)