वेताळाचे मराठी रूप : शिरूर-दौंड परिसरातील चित्रकथा-वाचनाचा एक आलेख

मराठी वाङ्मयेतिहासात १९६३ हे वर्ष 'कोसला'चे म्हणून ओळखले जाते. त्यानंतरच्या वर्षी, मार्च १९६४ मध्ये, बेनेट कोलमन आणि कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका सुरू केली. या घटनेची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात सहसा आढळत नाही. साठोत्तरी पिढीच्या वाचनाची जडणघडण सांगताना समीक्षक अनियतकालिके, दलित साहित्य आणि ग्रामीण कथा यांचा निर्देश करतात. मात्र त्याच पिढीतील असंख्य वाचकांचे पहिले स्वखुशीचे वाचन चौकटींत आखलेल्या चित्रांचे होते, ही गोष्ट आत्मपर लेखनाच्या एखाद्या ओळीत येऊन विरून जाते. या मौनामागे अभिरुचीचा एक संकेत आहे. कॉमिक हे भाषांतरित, बालांसाठीचे आणि टाकाऊ कागदावरचे वाङ्मय. ते वयानुसार मागे पडते, अशी ही समजूत आहे. परंतु ज्याने चांदोबापासून वाचनाला आरंभ केला आणि उतारवयातही चित्रकादंबरी विकत घेतली, असा आजन्म वाचक महाराष्ट्रात आहे. त्याच्या वाचनाला इतिहास आहे, आणि तो महानगराबाहेर अधिक स्पष्ट दिसतो.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड ही दोन तालुक्यांची गावे एकत्र पाहणे उपयुक्त ठरते. दोन्ही गावे पुण्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असली तरी त्यांच्यापर्यंत छापील मजकूर पोहोचण्याचे मार्ग भिन्न होते. भीमेकाठचे दौंड हे लोहमार्गाचे जंक्शन. मुंबई-सोलापूर मार्गाला १८७८ मध्ये धोंड-मनमाड फाटा जोडला गेला आणि उत्तरेचा प्रवासी या गावातून दक्षिणेकडे जाऊ लागला. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. त्यामुळे गाडी बराच वेळ थांबे, आणि फलाटावरील पुस्तकविक्रीला या थांब्याचा आधार मिळे. घोडनदीकाठच्या शिरूरला मात्र रेल्वे नाही. तेथे सारे पुणे-नगर रस्त्याने आले. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेली, ती याच रस्त्याने. दैनिके, मासिके आणि त्यांच्या गठ्ठ्यांत येणारी कॉमिक्स ही शिरूरकरांच्या दृष्टीने एस. टी.ने येणारी वस्तू होती. रेल्वेच्या फलाटावर मराठीइतकीच हिंदी आणि इंग्रजी पुस्तके मांडली जात; एस. टी. स्थानकावरील विक्रेत्याचा भर मराठीवर असे. कोणत्या वाचकाला कोणता नायक कोणत्या भाषेत भेटला, हे पुष्कळदा या वाहतुकीवर ठरले. अभिग्रहणाच्या सिद्धांतात वाचकाच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची चर्चा होते. त्या क्षितिजाला भूगोलाचीही एक बाजू असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

कॉमिक हा प्रकार येथे आला तेव्हा चित्रांतून गोष्ट वाचण्याची सवय नवी नव्हती. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा निर्देश आढळतो. पैठण शैलीची चित्रे आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत ही त्याच प्रथेची अर्वाचीन रूपे होत. चित्रकथी एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि दोन चित्रांमधले अंतर आपल्या वाणीने भरून काढतो. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'ने हे नाते छापील पानावर आणले. तेथे गद्य प्रधान होते आणि चित्र त्याला सोबत करीत होते. शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम हे चित्र महिन्यामागून महिने येत राहिले. गोष्ट बदले आणि चौकट तीच राही. या पुनरावृत्तीने वाचकाला मालिकेची सवय लावली.

'इंद्रजाल'ने गद्याचा आधार काढून घेतला. ली फॉकचा 'फँटम' फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला होता. मालिकेचे पहिले बत्तीस अंक केवळ त्याच्याच कथांचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा भारतीय नायक आला. मराठी आवृत्तीत फँटमचा 'वेताळ' झाला. अनुवादाच्या इतिहासात या एका शब्दाला जितके महत्त्व द्यायला हवे होते तितके दिले गेलेले नाही.

मूळ शब्दाला 'छायापुरुष' किंवा 'भुताटकी' असे पर्याय शक्य होते. अनुवादकाने निवडलेल्या नावामागे मराठी मनात दोन स्वतंत्र परंपरा होत्या. पहिली संस्कृत कथासाहित्यातली : 'कथासरित्सागरा'तला, राजाला कोडे घालणारा, बोलका वेताळ. तोच 'चांदोबा'तून घरोघर गेला होता. दुसरी गावगाड्यातली : भुतांचा अधिपती, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपाने गावकुसाबाहेर बसलेला, वेशीची राखण करणारा वेताळ. फॉकच्या नायकाविषयी जंगलातील लोकांची समजूत अशी की तो मरत नाही. वास्तवात एकवीस पिढ्या पुत्राने पित्याचा वेष चढवला आहे. हा भुतासारखा भासणारा, कवटीच्या गुहेत राहणारा रक्षणकर्ता मराठी वाचकाला ग्रामदेवतेच्या वर्गात बसवता आला. नायक परका राहिला तरी त्याचे कार्य ओळखीचे झाले. देशीवादी समीक्षेने अनुकरण आणि आत्मसातीकरण यांत जो भेद केला आहे, त्याच्या चर्चेसाठी हे उदाहरण अनेक नामांकित कादंबऱ्यांइतकेच उपयोगी पडावे. ज्या अनुवादकांनी हे केले त्यांची नावे मात्र वाचकांच्या स्मरणात राहिली नाहीत.

तथापि या आत्मसातीकरणाला एक अवघड बाजू आहे. फॉकचा नायक गोरा आहे, आणि त्याच्या आश्रयाला असलेली बंदार जमात ठेंगण्या काळ्या माणसांची आहे. त्याच्या मूळ पुरुषाचे गलबत लुटणारे चाचे 'सिंग' नावाचे, म्हणजे पौर्वात्य होते. 'इंद्रजाल'च्या संपादकांनी हे ओळखले होते. भारतीय आवृत्तीत 'सिंग'चे 'सिंगा' झाले आणि बंगालची आठवण देणारे देशनाम बदलून 'डेंकाली' करण्यात आले. नावे बदलली तरी चित्रांतील श्रेणीबद्धता बदलली नाही. एतद्देशीयांनी स्वतःचे रक्षण स्वतः करावयाचे नाही, ते काम गोऱ्या पुरुषाने करावयाचे, हा संकेत चित्राचित्रांतून वाचकापर्यंत पोहोचत राहिला.

शिरूरच्या संदर्भात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर ही इंग्रजांची मोठी छावणी होती. १८०९ मध्ये मृत्यू पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेस याची कबर तेथे आहे. एकोणिसाव्या शतकातील पुणे जिल्हा गॅझेटियर सांगते की, गावातील व आसपासच्या खेड्यांतील लोक या कबरीला 'सत्पुरुष' म्हणून भजत, आणि सुगीच्या वेळी तिथे धान्याचा नैवेद्य ठेवीत. त्याचा आत्मा भटकू नये आणि रोगराई येऊ नये, ही त्यामागची भावना. गोरा लष्करी अधिकारी, मृत्यूनंतरही वावरणारा, कोप टाळण्यासाठी ज्याला नैवेद्य द्यायचा आणि ज्याच्याकडून रक्षणाची अपेक्षा ठेवायची, असे हे दैवत. कॉमिकमधल्या वेताळाहून ते दीडशे वर्षांनी जुने आहे. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडणे भाबडेपणाचे होईल. परंतु अर्थनिर्मितीची चौकट दोन्हीकडे एकच आहे : परक्याच्या सत्तेला लोकमानस 'राखणदार' या आपल्या संज्ञेत बसवते आणि तिची धार बोथट करते. ही लोकमानसाची सर्जनशीलता की सत्तेला दिलेली शरणागती, हा प्रश्न सत्पुरुषाबाबत विचारावा लागतो, आणि तोच वेताळाबाबतही विचारावा लागतो. कॉमिकला 'निरुपद्रवी' म्हणून बाजूला ठेवणाऱ्या समीक्षेने तो विचारला नाही.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' सुरू केली, तेव्हा त्यांची भूमिका या परक्या नायकांना उत्तर देण्याची होती. त्याच वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला, हा योगायोग सूचक आहे. एकीकडे शासनमान्य ग्रंथालयांची व्यवस्था तालुक्या-तालुक्यांत आकार घेत होती. दुसरीकडे मुलांच्या हातातील वाचन तिच्या कक्षेबाहेर, भाड्याने पुस्तके देणारी दुकाने आणि रद्दीवाले यांच्याकडे चालले होते. 'अमर चित्र कथा'ने कॉमिकला पालकांची संमती मिळवून दिली. परंतु तिच्या भारतीयत्वाचे स्वरूप मुख्यतः उच्चवर्णीय आणि पौराणिक राहिले, हे नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन या अभ्यासकांनी २००८-०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत साधार दाखवले आहे. १९७९ मध्ये निघालेला, दिलीप कदम यांनी रेखाटलेला बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक या मालिकेतील महत्त्वाचा अपवाद होय.

येथे मराठी चित्रकारांच्या कामगिरीचा विचार अपरिहार्य ठरतो. 'अमर चित्र कथा'तला कृष्ण राम वाईरकर यांच्या हातचा. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी या मालिकेतील अनेक अंक रेखाटले आणि १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 'नागराज' या हिंदी महानायकाला पहिले रूप दिले. दौंडच्या फलाटावर हिंदी 'नागराज' विकत घेणाऱ्या वाचकाला ते चित्र पुण्यात राहणाऱ्या माणसाने काढले आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. मराठी हात चित्र काढत होते, परंतु संहिता इंग्रजीत किंवा हिंदीत सिद्ध होत होती, आणि मराठीत बहुधा तिचा अनुवाद येत होता. चित्रकार आणि लेखक एकाच भाषेत भेटावेत अशी व्यावसायिक व्यवस्था मराठीत टिकाऊ स्वरूपात उभी राहिली नाही. १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले, तेव्हा मराठी वाचकाजवळ त्याची जागा घेणारे स्वभाषेतले काही नव्हते. तो हिंदीकडे, इंग्रजीकडे किंवा दूरचित्रवाणीकडे वळला.

तरीही तो वाचक राहिला. याचे कारण त्या प्रकाराच्या वाचनप्रक्रियेत शोधावे लागते. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, असे म्हटले. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिकबाबत दोन चौकटींमधली कोरी पट्टी हीच कथनाची खरी जागा असल्याचे दाखवले. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली आहे, दुसऱ्यात माणूस पडलेला आहे. ठोसा वाचकानेच मारलेला असतो. ज्या वाचकाला अंक अधूनमधूनच मिळत, मधला एखादा भाग हुकलेला असे, किंवा रद्दीतून आलेल्या प्रतीचे शेवटचे पान फाटलेले असे, त्याला ही रिकामी जागा पानाबाहेरही भरावी लागे. तालुक्याच्या वाचकाची कल्पनाशक्ती अशा प्रकारे संहितेच्या रचनेने जशी घडवली तशी वितरणाच्या अनियमिततेनेही घडवली. हे त्याच्या अभावाचे उदात्तीकरण नव्हे. अभाव खराच होता, आणि त्यामुळे आज या आवृत्त्यांचे पूर्ण संच सार्वजनिक संग्रहांपेक्षा जुन्या वाचकांनी घरी बांधून ठेवलेल्या खंडांत शोधावे लागतात. अशा वाचकामागे तो खंड रद्दीत गेला की एका अनुवादपरंपरेचा पुरावाच नाहीसा होतो.

या वाचनाचे पुढचे टोक २०११ मध्ये दिसते. नवयान प्रकाशनाच्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी आंबेडकरांच्या जीवनातील पाणी, निवारा आणि प्रवास यांचे अनुभव चितारले. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचे नाकारले; पाने दिगण्याच्या नागमोडी पट्ट्यांनी विभागली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, तर अस्पृश्यता पाळणाऱ्याचे बोल विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. आयुष्यभर चौकोनी खिडक्यांतून पाहिलेल्या वाचकाला येथे पाहण्याची रीतच बदलावी लागते. मसूरच्या स्थानकावर अडकून पडलेली मुले पाहताना दौंडच्या वाचकाला स्थानकाचा दुसरा अर्थ कळतो. पुस्तके मिळण्याच्या जागेवर पाणी नाकारले जाऊ शकत होते, हे त्याच्या प्रिय वाङ्मयाने त्याला पूर्वी सांगितले नव्हते. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईसाठी स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती, आणि १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी तेथील विजयस्तंभाला भेट दिली होती. वॉलेसच्या कबरीचा सत्पुरुष आणि हा स्तंभ, दोहोंचा उगम एकाच छावणीत आहे; परंतु एकात परकी सत्ता दैवत झाली, आणि दुसऱ्याला महारांनी आपल्या पराक्रमाचे स्मारक म्हणून नवा अर्थ दिला. अशा दोन वाचनांमधला संघर्ष चित्रांतून मांडू शकेल असा प्रकार मराठीच्या हाताशी साठ वर्षे होता.

म्हणून या प्रकाराचा इतिहास लिहिताना मराठी समीक्षेला दोन कामे करावी लागतील. 'इंद्रजाल' आणि 'अमर चित्र कथा' यांच्या मराठी आवृत्त्यांची अनुवादक आणि अक्षरलेखक यांच्यासह सूची करणे, हे पहिले. आणि ज्यांच्या घरी हे अंक उरले आहेत त्या वाचकांच्या आठवणी वाङ्मयीन साधने म्हणून नोंदवून घेणे, हे दुसरे. ही पिढी आता साठी-सत्तरीत आहे. दुसरे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.