बुफेची टिप आणि बारा आणे

उधव्याहून आम्ही बोलतोय. बाहेरच्या माणसांना उधवा म्हटलं की पारशांचं उदवाडा वाटतं. ते गुजरातेत, समुद्राकाठी. आपलं उधवा तलासरी तालुक्यातलं, दादरा नगर हवेलीच्या हद्दीजवळचं. एवढं सांगून आजच्या विषयाकडे येतो.

बचत गटाच्या सहलीवरून आलेल्या एका ताईंनी विचारलं, "हॉटेलात बुफे होता. ताट आपणच उचलायचं, वाढून आपणच घ्यायचं. मग वेटरला टिप कशाची द्यायची? आणि द्यायचीच तर किती?" प्रश्न साधा वाटला. पण आम्ही चौघी-पाचजणी त्यावर बोलायला बसलो आणि गाडी थेट 1945 सालापर्यंत गेली. का गेली, तेच आज सांगणार आहोत.

आधी बुफेत कोण काय करतं ते बघू. आपल्या पाड्यांवरची पोरं-पोरी सेलवासच्या कारखान्यांत जातात, तशी डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि दमणला हॉटेलांतही जातात. त्यांच्याकडून ऐकलं तर कळतं की "आपणच वाढून घेतो" हे अर्धंच खरं आहे. भांड्यांखाली पाणी तापतं ठेवायचं, भात संपायच्या आत दुसरा आणायचा, पोळ्या गरम आणायच्या. पाहुणा प्रत्येक वेळी नवीन ताट घेतो, म्हणजे चार माणसांच्या टेबलावरून दहा-बारा ताटं उचलायची. त्यांत निम्मं उष्टं. लहान मूल सरबत सांडतं, ते पुसायचं. एवढं उरकून यांचं जेवण होईपर्यंत दुपार कलते. पंगतीत वाढप्याचं काम डोळ्यांना दिसतं, तो आग्रह करतो, आपण हात आडवा धरतो. बुफेत तेच काम पाठीमागे गेलं आहे, एवढाच फरक.

बुफेची पद्धत आली कुठून? स्वीडनमध्ये एका लांब टेबलावर सगळे पदार्थ मांडून ठेवायची जुनी चाल होती. 1939 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांनी पाहिली. पुढे लास वेगासच्या जुगारघरांनी पोटभर बुफे स्वस्तात ठेवला, म्हणजे लोक जेवायला बाहेर जाणार नाहीत आणि खेळत बसतील. 1958 साली टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलात तो सुरू झाला. त्यांनी त्याला 'व्हायकिंग' नाव दिलं, आणि जपानी लोक आजही बुफेला तेच म्हणतात. आपल्याकडे तो मोठ्या हॉटेलांतून लग्नाच्या हॉलमध्ये आला आणि पंगती उठल्या. मालकाच्या दृष्टीने सोय उघड आहे: तेवढ्याच पाहुण्यांना वाढपी कमी लागतात.

आता टिप. मराठीत टीप म्हणजे शिवणाची टीप, किंवा पानाखाली लिहिलेली टीप. पैशांची टिप इंग्रजांबरोबर आली. पण वरकड पैसे द्यायची रीत आपल्याकडे आधीपासून होती आणि तिला शब्दही बरेच होते. बक्षीस हा फारसी शब्द. दरबारात धनी खूश झाला की द्यायचा. साहेबांच्या बंगल्यावर तोच शब्द चालला, आणि आज शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या पोरीला मिळतं तेही बक्षीसच. पोस्त म्हणजे दिवाळीला पोस्टमनला, गड्याला, मोलकरणीला देतात ती. दस्तुरी म्हणजे नोकराने बाजारहाट करताना दुकानदाराकडून घेतलेला आपला वाटा. चिरीमिरी आणि चहापाणी हे शब्द आता लाचेच्या घरात राहायला गेलेत, त्यांना तिथेच राहू दे.

या सगळ्यांहून निराळा शब्द म्हणजे बलुतं. सुताराला, लोहाराला, न्हाव्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळायचं. त्या पद्धतीत जातीची उतरंड होती, काही जणांच्या वाट्याला मानहानीच यायची, तेव्हा तिचं गुणगान आम्ही करणार नाही. पण बलुत्याच्या मागे हक्काची भाषा होती. बक्षीस मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. दिलं तर दिलं, नाही तर नाही. आमच्या बोलण्यातला गुंता इथेच होता. वेटरचं पोट यांपैकी कशावर चालावं?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच मातीत दिलं गेलं आहे. त्या काळी तलासरीचा हा भाग उंबरगाव तालुक्यात होता. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं आणि तलासरी इकडे राहिली. इथली जमीन सावकार-जमीनदारांच्या हातात गेलेली, आणि वारली माणूस त्यांच्याच शेतावर, त्यांच्याच जंगलाच्या ठेक्यावर राबायचा. वेठ म्हणजे बोलावलं की जायचं. आपलं शेत नांगरायचं राहिलं तरी आधी शेठचं नांगरायचं, आणि त्याची मजुरी नाही. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघांनी फेडीपोटी त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. यात बाईच्या वाट्याला काय काय यायचं, हे जुन्या बायांना वेगळं सांगावं लागत नाही.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे इकडून मोजकेच वारली गेले होते. त्यांनी तिथल्या व्यासपीठावर आपली हकिकत सांगितली. मग गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर इकडे आले, पाड्या-पाड्यांवर फिरले. 23 मे 1945 रोजी झरी गावात सभा भरली. झरी म्हणजे आपल्याच तालुक्यातलं. हजारो वारली चालत आले. तिथे ठरलं की वेठ करायची नाही, आणि शेतावर दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला जायचं नाही.

बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. आज हसू येईल इतकी छोटी रक्कम. पण तिची गंमत बघा. शेठने खूश होऊन जास्त द्यावं, सणाला धोतर-लुगडं द्यावं, असं काही कोणी मागितलं नाही. मागितला तो दर. पावसाळा सरला, गवत कापणीचा हंगाम आला, तेव्हाही तसंच झालं: 500 पौंड गवताला अडीच रुपये. आजच्या मापाने सव्वादोनशे किलोच्या वर गवत. वजन ठरलेलं, पैसे ठरलेले, मर्जीला जागाच नाही. जमीनदारांना पैशांपेक्षा हे जास्त बोचलं असावं, असं आम्हाला वाटतं. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली, त्यांतलं जेठ्या गांगड हे नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दर वर्षी त्या दिवशी तलासरीत लाल झेंडे घेऊन माणसं जमतात, ती त्यांच्यासाठी. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं. ते 1970 साली आलं आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचनालयात असेल तर जरूर वाचा. नसेल तर मागवायला सांगा.

टिपच्या बाबतीत जवळजवळ हीच गोष्ट दूर अमेरिकेत घडली. तिथे गुलामगिरी 1865 साली संपली. नंतर दोनच वर्षांत पुलमन नावाच्या कंपनीने झोपायच्या सोयीचे रेल्वेडबे चालवायला घेतले आणि त्यात बिछाने घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला काळे गडी ठेवले. पुष्कळ जण काल-परवापर्यंत गुलाम असलेले. पगार अगदी तुटपुंजा, कारण प्रवासी टिप देतीलच, असा कंपनीचा हिशेब. प्रवासी सगळ्यांनाच 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. जॉर्ज हे कंपनीच्या मालकाचं नाव, म्हणजे गड्याला स्वतःचं नावसुद्धा नाही. हसतमुख राहिलं तर टिप, तोंड वाकडं केलं तर उपाशी. 1925 साली फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी संघटना बांधली. कंपनीने करारावर सही केली ती 1937 साली, बारा वर्षांनी. त्यांचं म्हणणं झरीच्या सभेसारखंच होतं, आमचा पगार ठरवा.

तरी अमेरिकेतल्या हॉटेलांत जुना हिशेब संपला नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला निदान 2.13 डॉलर द्यावे, असा तिथला केंद्रीय कायदा आहे, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर उरलेले मालकाने घालायचे, असं कागदावर आहे. काही राज्यांत दर जास्त आहे. म्हणून तिथे गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना पंधरा-वीस टक्के टिप द्यावी लागते. तिकडच्या मावशीने सांगितलेला तो आकडा इकडे लावू नका. आणि जपानात टिप दिली तर वेटर मागे धावत येऊन पैसे परत करतो, असं सांगतात. देश तसा वेश.

आपल्याकडे 1948 साली किमान वेतनाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात हॉटेलं, उपाहारगृहं, खाणावळीही त्याच्या यादीत आल्या. खाणावळीवरून आठवलं. मुंबईच्या गिरणगावात हजारो बाया गिरणी कामगारांना जेवू घालायच्या, महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर. तिथे टिपचा प्रश्नच नव्हता. पण पैसे महिनाअखेरीला मिळणार आणि किराणा आज आणायचा, म्हणून बाया सावकाराच्या तावडीत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. वाढणारी बाई कुणाच्या मर्जीवर राहू नये, यासाठीची ती खटपट.

आता थोडं बिलाबद्दल. बिलावर जीएसटी असतो तो सरकारचा. 'सर्व्हिस चार्ज' असतो तो हॉटेलचा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, सक्ती करायची नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा तो लावलेला दिसला तर काढायला सांगता येतं. पण काढून घेतलेले पैसे पर्समध्ये टाकून निघून जाऊ नका, त्यातले थोडे वेटरच्या हातात द्या. आणखी एक निकाल 2016 चा, सर्वोच्च न्यायालयाचा. कार्डावर दिलेली टिप हॉटेलने कामगारांत वाटली तर तो मालकाने दिलेला पगार होत नाही, कारण पैसा गिऱ्हाइकाचा आहे, असं कोर्टाने म्हटलं. वाद आयकराचा होता, पण आमच्या मनाला पटला तो मुद्दा हाच. टिप मालकाच्या पगारात मोडत नाही.

मग किती द्यायची? आमचा हिशेब सांगतो, नियम म्हणून नाही. पानावर वाढणारं हॉटेल असेल तर बिलाच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. बुफेत त्याच्या निम्मे. चौघांचं बिल 2,400 झालं तर 100 ते 150 रुपये पुरेत. कोणी टेबलावर गरम पोळ्या आणल्या, म्हाताऱ्या सासूबाईंना ताट करून दिलं, मुलाने केलेला पसारा आवरला, तर 200 द्या. तीन दिवस राहणार असाल तर शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. पाळी बदलते आणि ज्याने राबून खाऊ घातलं तो त्या दिवशी घरी असतो. दर जेवणाला थोडे द्या. निघतानाच दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. द्यायचे ते ताटं उचलणाऱ्याच्या हातात, सरळ, "घे रे दादा", "घे गं ताई" म्हणून. उष्ट्या ताटाखाली सारून नको. आणि सहलीचा खर्च ओढूनताणून जमवला असेल, टिप परवडत नसेल, तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. ताटं एकावर एक रचून ठेवा, टाकू नका. तेवढंही त्या पोरांना पुष्कळ वाटतं.

ज्यांच्या मुली या हंगामात हॉटेलच्या कामाला निघाल्यात, त्यांच्याशी दोन शब्द. ठेकेदार सांगतो, "पगार कमी आहे, पण टिप भरपूर सुटते." तिथे थांबायचं आणि विचारायचं की टिप सोडून पगार किती, आणि कोणत्या तारखेला. कामाचे तास किती, परत यायला गाडी आहे का. टिपचा डबा असेल तर तो कोण उघडतं, कधी उघडतं, सगळ्यांसमोर मोजतात का. आणि मागे भांडी घासायला ज्या बाया असतात, त्यांचा वाटा धरतात की नाही. हे सगळं पहिल्याच दिवशी विचारा, आणि पगाराचा आकडा कागदावर लिहून घ्या.