स्वयंपाकघरातले गांडूळ : मऊ आमिषाचा इतिहास

१/१४
साल १९४९. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहर. निक क्रीम नावाचा एक यंत्रकारागीर आणि त्याची पत्नी कॉस्मा आपल्या स्वयंपाकघरात एक विचित्र रसायन शिजवीत होते. व्हिनाइल, तेल आणि रंग. साचा होता खऱ्या गांडुळाचा. त्या भांड्यातून जे बाहेर आले, त्याने गळाच्या मासेमारीची विद्याच पालटून टाकली.

२/१४
खोट्या गांडुळाची कल्पना मात्र नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातच रबराची गांडुळे निघाली होती. अडचण होती ती रबराची. ते ताठ असे आणि काळाबरोबर आणखी कडक होई. माशाने तोंडात घेताच त्याला फसवणूक कळे आणि तो आमिष थुंकून टाकी. आकार साधला होता, पण मऊपणा साधला नव्हता.

३/१४
मऊपणाचे उत्तर त्याच शहरात सापडावे हा निव्वळ योगायोग नव्हे. अ‍ॅक्रन ही अमेरिकेच्या रबर उद्योगाची राजधानी. तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीत १९२६ साली वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होता. निरुपयोगी समजले जाणारे पीव्हीसी त्याने उच्च तापमानाच्या द्रावकात उकळले आणि हाती आला लवचीक, रबरासारखा पदार्थ.

४/१४
पीव्हीसीची भुकटी तेलकट मऊकारक द्रव्यात कालवली की दुधासारखे मिश्रण होते. सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते आधी घट्ट होते, मग पारदर्शक आणि पातळ होते. साच्यात ओतून थंड केले की मांसल, लुसलुशीत वस्तू तयार. मऊकारक जितके अधिक, तितके आमिष नरम. क्रीम दांपत्याच्या शोधाचे मर्म या प्रमाणात होते.

५/१४
१९५१ पासून ही गांडुळे टपालाने विकली जाऊ लागली. काळही अनुकूल होता. त्याच १९४९ साली तुल्सा शहरातील एका कंपनीने झाकलेल्या फिरकीचे सोपे रीळ बाजारात आणले. ही कंपनी तोवर तेलविहिरींसाठी कालबॉम्ब बनवीत असे! नाव : झेबको. नवी रिळे आणि नायलॉनचा एकपदरी दोरा यांमुळे हलके आमिष दूर फेकणे नवशिक्यालाही जमू लागले.

६/१४
आमिष मिळाले, पण ते वापरायचे कसे? लाकडाचे वा धातूचे जुने आमिष ओढले की आपोआप डुलते, चमकते, फिरते. कौशल्याचा मोठा भाग ते घडवणाऱ्याने आधीच त्यात भरलेला असतो. प्लॅस्टिकचे गांडूळ मात्र पाण्यात पडले की निपचित पडून राहते. त्यात जीव ओतायचा तो धरणाऱ्याच्या मनगटाने. ही विद्या लोकांना नव्याने शिकावी लागली.

७/१४
तिची मोठी शाळा भरली टेक्सासमध्ये, आणि तिला कारण ठरला दुष्काळ. १९५० च्या दशकात त्या राज्याने आपल्या इतिहासातील भीषण अवर्षण सोसले. नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे धरणांचा सपाटा सुरू झाला. १९६० च्या दशकात सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड यांसारखे प्रचंड जलाशय भरले, आणि त्यांच्या पोटात जंगले उभीच्या उभी बुडाली.

८/१४
बुडालेली झाडे म्हणजे लार्जमाउथ बॅस या मोठ्या जबड्याच्या शिकारी माशाचे माहेरघर. पण उघडा गळ तेथे टाकला की तो फांदीतच अडकणार. यावरचा तोडगा आजही त्या राज्याच्या नावाने, ‘टेक्सास रिग’ म्हणून, ओळखला जातो. गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचे आणि पुढे दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे सुटे ओवायचे. हे आमिष काट्याकुट्यांतून न अडकता सरकते.

९/१४
टोक झाकले, तेव्हा सारा भार आला हाताच्या स्पर्शावर. शिसे तळाला टेकू द्यायचे, काठीचे टोक हळूच उचलायचे, मग सैल दोऱ्यावर आमिष पुन्हा खाली जाऊ द्यायचे. चावा बहुधा याच पडण्याच्या क्षणी येतो. कधी बारीक ‘टक्’, तर कधी फक्त दोरा आडवा सरकतो. मग झटका असा द्यायचा की टोक प्लॅस्टिक फाडून जबड्यात शिरावे. येथे उतावळ्याच्या गळाला काही लागत नाही.

१०/१४
१९६० च्या सुमारास क्रीमचा कारखानाही टेक्सासच्या टायलर गावी आला. १९६७ साली रे स्कॉट याने आर्कान्सामधील बीव्हर तलावावर १०६ स्पर्धकांची बॅस स्पर्धा भरवली आणि छंदाला व्यवसायाचे रूप येऊ लागले. १९७२ पासून त्याने मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. पकडणे आणि मारणे या दोन गोष्टी प्रथमच इतक्या ठळकपणे वेगळ्या झाल्या.

११/१४
अलाबामाच्या युफॉला गावचा टॉम मान हा फळांच्या वासाची ‘जेली वर्म’ बनवी. १९७३ साली स्ट्रॉबेरीच्या अशाच गांडुळाने त्याने एक बॅस पकडला आणि आपल्या मत्स्यालयात ठेवला. नाव : लीरॉय ब्राउन. १९८० मध्ये तो मेला तेव्हा शेकडो लोक अंत्यविधीला जमले. पुढे त्याचे शवही चोरीला गेले! शिकार आणि शिकारी यांच्या नात्यात काहीतरी बदलले होते.

१२/१४
माणूस शिकत होता, तसे पाण्याखालीही काही घडत होते. इलिनॉयच्या रिज तलावात १९७७ ते १९८० या काळात पकडलेल्या प्रत्येक बॅसची नोंद करून तो सोडला जाई. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागले, काही एकदाही नाही. दोन्ही गटांची पुढील पिढ्यांपर्यंत वेगळी पैदास केल्यावर दिसले की हा स्वभाव अंशतः आनुवंशिक आहे. गळ माशांची निवड करीत असतो.

१३/१४
दुसरी किंमत तळाशी साचत गेली. फाटलेली, गळावरून निसटलेली गांडुळे पाण्यातच राहतात. प्लॅस्टिक कुजत नाही, आणि मासे ते गिळतात. मेन राज्यातील संशोधनात अशी आमिषे खाणाऱ्या ब्रूक ट्राउट माशांची वाढ खुंटल्याचे आढळले. २०१३ साली तेथील विधिमंडळापुढे बंदीचा प्रस्ताव आला. बंदी झाली नाही, पण प्रश्न ऐरणीवर आला.

१४/१४
रबराचे गांडूळ मासा थुंकून टाकत असे, कारण ते कडक होते. क्रीमचे गांडूळ तो तोंडात धरून ठेवतो, कारण ते मऊ आहे. यश याच मऊपणाचे, आणि टाकून दिलेले तुकडे मासा गिळतो तेही त्याचमुळे. म्हणून ही विद्या शिकणाऱ्याचा धडा मासा बाहेर आल्यावर संपत नाही. फाटलेले गांडूळ खिशात घालून घरी नेणे हाही त्याच धड्याचा भाग आहे.