परक्या घरातला विद्यार्थी



संस्कृतात विद्यार्थ्याला एक सुंदर शब्द आहे, अंतेवासी. जवळ राहणारा, गुरूच्या घरी राहणारा, असा त्याचा अर्थ. म्हणजे बघा, शिकणं आणि दुसऱ्याच्या घरी राहणं या दोन गोष्टी आपल्या परंपरेनं जवळजवळ एकच मानल्या होत्या. अतिथीला देव मानावं, हे तैत्तिरीय उपनिषदातलं वचन आपण आता हॉटेलांच्या दारावरही वाचतो. पण हा उपदेश मुळात कोणाला केला आहे? शिक्षण संपवून घरी निघालेल्या विद्यार्थ्याला. मी त्याचा अर्थ असा घेतो, की बाबा रे, इतकी वर्षं तू दुसऱ्याच्या छताखाली राहिलास, आता तुझ्या दारात कोणी आला तर ते विसरू नकोस.

पुढच्या काळात आपल्याकडे वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. गरीब घरची कितीतरी मुलं अशी शिकली, मोठी झाली. त्या घरांचे उपकार मी नाकारत नाही. पण त्या अन्नाला दोन अटी होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. पहिली अट जातीची. वार बहुतेक आपल्या जातीच्या मुलालाच मिळायचा. दुसरी अट मिंधेपणाची. घरातली पडेल ती कामं करायची, पानात पडेल ते खायचं आणि मान खाली घालून वागायचं. म्हणून आज मला एकच प्रश्न विचारायचा आहे. विद्यार्थी परक्या घरात राहतो, तेव्हा ते घर त्याच्याकडून मोबदला म्हणून काय मागतं?

या प्रश्नाचं आपल्या इतिहासातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आनंदीबाई जोशींचं आहे. त्यांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. जन्म १८६५ चा. वयाच्या नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, या ध्यासानं त्यांनी १८७८ मध्ये कोल्हापुरातून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. स्वतःला अमेरिकेत नोकरी मिळावी आणि पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी, अशी त्यांची विनंती होती. उत्तराचा सूर असा, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापून टाकला.

आता योगायोग कसा असतो बघा. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. धर्मांतराची अट वाचून अनेक जण पान उलटून पुढे गेले असतील. या बाईंनी घरी येऊन पत्र लिहिलं. त्यातून तीन वर्षांचा पत्रव्यवहार झाला. दोघी एकमेकींना डोळ्यांनी पाहण्याआधीच आनंदीबाईंच्या लेखी त्या मावशी झाल्या होत्या. बाई नाही, मॅडम नाही, मावशी! मराठीत आपण नातं आधी लावतो आणि ओळख नंतर करून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरला भाषण केलं. हे आपलं श्रीरामपूर नव्हे, बरं का, कलकत्त्याजवळचं, बंगालमधलं. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. ७ एप्रिलला बोट सुटली. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी त्यांना न्यायला उभ्या होत्या. मुलगी अठरा वर्षांची, नवरा सोबत नाही आणि समोर आयुष्यात कधी न पाहिलेलं घर.

त्या घरानं काय मागितलं? काही नाही. आनंदीबाई शाकाहारी राहिल्या, साडी नेसत राहिल्या. आपल्या हातचं जेवण करून त्यांनी त्या कुटुंबाला वाढलं. ते ख्रिस्ती घर होतं, पण पाहुणीनं ख्रिस्ती व्हावं ही अट त्यानं घातली नाही. वरवर ही साधी गोष्ट वाटते. पण १८८३ मध्ये धर्मांतराच्या अटीशिवाय हिंदू मुलीला घरात लेकीसारखं ठेवून घेणं साधं नव्हतं. आणि पाहुणीनं तिथे राहून आपला धर्म सांभाळणं, हेही साधं नव्हतं.

शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथे मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट चालत नसे. पेटवली तर धूर, नाही पेटवली तर थंडी. रोझेलचं घर आणि ही खोली यांत फरक कोणता? खोलीत विद्यार्थ्याची सोय होते, घरात कोणी त्याच्याकडे पाहणारं असतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही ठरली. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथल्या त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ती ठेवली गेली. आजही तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. परधर्मी पाहुणीला आपल्या पितरांच्या शेजारी जागा देणारी घरं जगात किती असतील?

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे यजमानांना जे हवं होतं ते मिळालं, असं वाटेल. पण रमाबाईंचा खरा झगडा तिथूनच सुरू झाला. ज्यांनी आसरा दिला त्यांना आज्ञापालनही हवं होतं. रमाबाई शाकाहारी राहिल्या, धर्ममतांवर प्रश्न विचारत राहिल्या आणि आपल्या विवेकावर इतर कोणाची सत्ता मान्य करायला त्यांनी नकार दिला. पत्रांतून हा वाद वर्षानुवर्षं चालला. आश्रय देणाऱ्यांच्या प्रेमात खोट होती असं मी म्हणणार नाही. पण प्रेमासोबत ताबाही येऊ शकतो. उपकाराखाली असलेल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं. रमाबाईंनी ते म्हटलं, यातच त्यांचं मोठेपण आहे.

इथे मला जर्मन तत्त्वज्ञ कांट आठवतो. १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्यानं एक भेद केला. परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे. पण कोणाच्या घरात पाहुणा म्हणून राहणं हा मात्र हक्क नव्हे. त्याला वेगळा, स्नेहाचा करार लागतो. भेद बरोबर आहे. पण ज्याच्याशी असा करार करायला कोणीच तयार नाही, त्यानं काय करायचं?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. १९१७ मध्ये बडोद्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे वसतिगृहात राहिले, मित्र मिळाले, खोली मिळाली. पुढे लंडन झालं. करारानुसार नोकरी करायला बडोद्याला परतले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला सांगून गेले. त्यांनी दोन स्नेह्यांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडेही जागा झाली नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. सातासमुद्रापार जो परका ठरला नाही, तो स्वतःच्या देशात परका ठरला.

त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, आणि त्या परिसरात वसतिगृहं झाली. आपल्या मराठवाड्यातल्या, आपल्या बीडच्याही कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला. वार लावून जेवणं हे कोणाच्या तरी मर्जीवर होतं. वसतिगृहातलं पान हक्काचं असतं. हा बदल मला शिक्षणाच्या इतिहासातला फार मोठा बदल वाटतो.

आता आपल्या दाराशी येऊ. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, सहा-सहा महिने. पोरगं बरोबर गेलं तर शाळा सुटते. मागे राहिलं तर आजीकडे, चुलत्याकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्याचं परदेश म्हणजे शेजारच्या गावातलं दुसऱ्याचं घर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनानं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना आणली. ती नीट चालते की नाही, हे विचारत राहणं आपलं काम आहे.

पण सगळं शासनावर सोडून चालणार नाही. तालुक्याच्या गावाला शिकायला आलेली पोरं आपल्याच गल्लीत खोली शोधतात, आणि आपण आधी आडनाव विचारतो. तुमची नातवंडं उद्या जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला शिकायला जातील. तिथलं घर कसं असावं, असं तुम्हाला वाटतं? त्याचं जे उत्तर तुमच्या मनात येईल, तेच खोली विचारायला आलेल्या पोराला द्या. भाडं घ्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकी काही मागू नका.

इथेच थांबतो.