पाहुणी चिमणी आणि अमेरिकेचा नीलपक्षी

इ. स. १८५० मध्यें अमेरिकेंतील ब्रुकलिन शहराच्या ब्रुकलिन इन्स्टिट्यूटनें इंग्लंडांतून चिमण्यांच्या आठ जोड्या मुद्दाम आणविल्या आणि पुढच्या वसंतांत त्या सोडून दिल्या. त्या तेथें रुजल्या नाहींत. मग निकोलस पाइक या गृहस्थांच्या पुढाकारानें दुसरी मोठी खेप आली. १८५३ मध्यें ग्रीनवुडच्या विस्तीर्ण दफनभूमींत ती मोकळी करण्यांत आली व तिच्यावर देखरेख ठेवण्यास एक माणूसहि नेमण्यांत आला. हीच ती आपल्या वळचणीची चिमणी, जात एकच. आपल्याकडे जी न बोलावतां घरांत शिरते, तिच्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे राखणदार ठेवावा लागला, हें ऐकून श्रोत्यांना मौज वाटेल.

आणणारांचा हेतु वाईट नव्हता. रस्त्यांच्या कडेच्या झाडांवर सुरवंटांचा सुळसुळाट झाला होता. पानें चाळणीसारखीं होत आणि खालून जाणारांच्या अंगावर ते किडे धाग्यानें लोंबत. चिमणी किडे खाते, तेव्हां ती हें संकट निवारील, अशी समजूत होती. फिलाडेल्फिया शहरानें १८६९ मध्यें एकदम हजार चिमण्या आणविल्या. उद्यानांतून त्यांच्यासाठीं लांकडी पेट्या टांगण्यांत आल्या. ब्रायंटसारख्या नामवंत कवीनें त्यांच्या स्वागतार्थ कविता रचली. चिमणी मुख्यतः दाणे खाते व किडे भरविते ते बहुतेक आपल्या पिलांना, ही साधी गोष्ट मात्र कोणी फारशी लक्षांत घेतली नाहीं. त्या काळीं रस्ते घोड्यांनीं भरलेले असत. त्यांच्या तोबऱ्यांतून सांडलेला आणि लिदींतून पडलेला ओट तिला बारा महिने पुरे. सुरवंट राहिले आणि चिमण्या वाढल्या.

याची झळ ज्याला सर्वांत अधिक लागली, तो नीलपक्षी. हा मूळचा अमेरिकेचाच, कस्तुराच्या कुळांतला, चिमणीहून किंचित् मोठा पक्षी. नराची पाठ गर्द निळी, छाती विटकरी, पोट पांढरें. आपल्या नीलकंठाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तो ढोलींत घरटें करतो, पण ढोली कोरण्याचें सामर्थ्य त्याच्या चोंचींत नाहीं. सुतारपक्ष्यानें सोडलेलें भोंक किंवा कुंपणाचा कुजका खांब, यांवरच त्याचा संसार. उत्तरेकडे थंडी पडली कीं तो बहुधा दक्षिणेस जातो. चिमणी मात्र जागा सोडून कोठें जात नाहीं. म्हणून तो परत येतो तेव्हां घर आधींच गेलेलें असतें. आणि घर त्याला मिळालें तरी तें टिकेलच असें नाहीं. चिमणा आंत शिरून अंडीं फोडतो, पिलें मारतो, आणि अंड्यांवर बसलेली मादी सांपडली तर तिलाहि चोंचीनें टोंचून ठार करतो. ढोलीला दार एकच, पळावें कोठून? मग त्या प्रेतावरच चिमणीचें नवें घरटें रचलें जातें. हें वर्णन अतिशयोक्तीचें नाहीं. पेट्या उघडून पाहणारांना असें दृश्य अनेकदां दिसलेलें आहे.

चिमणीवरून माणसांतहि जुंपली. १८७० नंतरच्या दशकांत बोस्टनचे थॉमस ब्रूअर तिचे वकील झाले, तर एलियट काउझ हे पक्षिशास्त्रज्ञ तिचे कट्टर वैरी. वाद इतका विकोपास गेला कीं इतिहासांत तो ‘चिमण्यांचें युद्ध’ या नांवानेंच ओळखला जातो. १८८० मध्यें ब्रूअर निवर्तले. पुढें १८८९ मध्यें सरकारी शेतकी खात्यातर्फे वॉल्टर बॅरोज यांचा चारशेंहून अधिक पानांचा अहवाल निघाला. चिमणीला संरक्षण देणारे कायदे रद्द करावेत, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तोंवर फार उशीर झाला होता. शिवाय लोकांनीं धडा घेतला म्हणावें, तर दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती उद्यानांत यूजीन शीफेलिन यांनीं साठ युरोपीय स्टार्लिंग सोडले! हा आपल्या साळुंकीच्या कुळांतला, ढोल्या बळकावणारा दुसरा पक्षी. शेक्सपिअरच्या नाटकांतले सगळे पक्षी अमेरिकेंत आणण्याच्या हौसेनें त्यांनीं हें केलें, अशी कथा सांगतात. ती मागाहून चिकटविलेली दिसते. १८९५ च्या फेब्रुवारींत दक्षिणेंत भयंकर हिंव पडून असंख्य नीलपक्षी मेले, त्याची आणखी भर पडली.

उपायाचा आरंभ एकट्यादुकट्यांनीं केला. १९३४ मध्यें इलिनॉय प्रांतांतील क्विन्सी गांवच्या टी. ई. मसलमन यांनीं रस्त्यांच्या कडेनें ओळीनें पेट्या लावल्या. पुढें लॉरेन्स झेलेनी या कृषि-रसायनशास्त्रज्ञांनीं निवृत्तीनंतर मेरीलँडमध्यें हेंच व्रत घेतलें, १९७६ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला आणि १९७८ मध्यें उत्तर अमेरिकेची नीलपक्षी-संस्था स्थापन केली.

पेटीचें तंत्र ऐकण्यास सोपें आहे. तोंड दीड इंच व्यासाचें ठेवलें कीं स्टार्लिंग आंत शिरूं शकत नाहीं. परंतु चिमणीला सव्वा इंचहि पुरतो. म्हणजे नीलपक्ष्याला दार ठेवून चिमणीला तें बंद ठेवील असें माप जगांत नाहीं. सारी अडचण येथें आहे. म्हणून पेटी गोठ्यापासून व वस्तीपासून दूर, मोकळ्या गवताळ जागीं, पुरुषभर उंचीच्या गुळगुळीत लोखंडी खांबावर लावतात. तोंडाशीं बसण्याची काडी ठेवीत नाहींत. जवळपास बाजरीवजा बारीक धान्य टाकीत नाहींत. दर आठवड्यास पेटी उघडतात. नीट विणलेली गवताची वाटी व फिकट निळीं अंडीं दिसलीं तर झांकण हलकेंच लावतात. गवत, पिसें, चिंध्या यांचा वर घुमटासारखा गेलेला ढीग आणि ठिपक्यांचीं मळकट अंडीं असलीं, तर तो काढून टाकतात. पण नुसतें घरटें काढून भागत नाहीं. चिमण्याचा जीव मादीपेक्षां पेटीवर अधिक जडलेला असतो. घरटें मोडलें तर तो चिडून शेजारच्या पेटीवर चालून जातो. अनुभवी लोक म्हणूनच त्या नरालाच पकडतात, नाहींतर पेटीचें तोंड कांहीं दिवस बंद ठेवतात. पहिलें अंडें पडल्यावर पेटीवर चकचकीत पट्ट्या लोंबत सोडण्याचीहि युक्ति आहे. त्यांना चिमणी बुजते, नीलपक्षी सहसा बुजत नाहीं.

पकडलेल्या चिमण्याचें करावयाचें काय? १९१८ च्या पक्षिसंरक्षक कायद्याचें छत्र नीलपक्ष्यावर आहे, चिमणीवर नाहीं. म्हणून पुष्कळजण त्याला मारतात, आणि पुष्कळांचा हात तेथें थबकतो. काऊचिऊच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी मनाला तर हें क्रूरच वाटणार. महाराष्ट्रांत, नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या प्रेरणेनें, हीच लांकडी पेटी चिमणीला परत बोलावण्यासाठीं गॅलरींतून टांगली जाते. त्यांच्याच पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. तरीहि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. अमेरिकेंत चिमणी आपण होऊन गेलेली नाहीं. माणसानें तिला नेलें, आणि एकाच अरुंद दारापुढें दोन पक्ष्यांना समोरासमोर उभें केलें. पेटी टांगून तिच्याकडे फिरून न पाहणें, हें तर सर्वांत वाईट. तशी पेटी म्हणजे चिमणीची आणखी एक वसाहत, किंवा नीलपक्ष्याचा सांपळाच.

१९६६ नंतरच्या पक्षिगणनांत पूर्वेकडील नीलपक्ष्यांची संख्या वाढत गेलेली आढळते. चिमणी मात्र तेथेंहि कमी होत आहे. न्यूयॉर्क राज्यानें १९७० मध्यें नीलपक्ष्याला आपला राज्यपक्षी ठरविलें. चिमण्यांची पहिली खेप सोडलेलें ब्रुकलिन त्याच राज्यांत आहे.